हात मांडीवर

मेलवीधी, तंजावर
१८ जून २००७

सौ. स्वरदाबाईंस,
अनेक आशीर्वाद.

आपली ओळख नाही. तरी तुमच्या एका वाक्यावर मी ट्रंक भरून चेन्नईहून तंजावरास आलो आहे, तेव्हा पत्र लिहून पोच देणं माझं कर्तव्य ठरतं.

मी अक्षतचा आजोबा. तुमच्या अण्णा नगरच्या केंद्रात पाच वर्षांचा एक मुलगा येतो, बोलत नाही, कुणाकडे बघत नाही, पंखा फिरताना बघत बसतो, तोच. त्याचा बाप विश्वजित माझा एकुलता मुलगा, सिरुसेरीला संगणकाच्या कंपनीत आहे. सून रम्या बँकेत होती. मी इकडे आलो, मुलाकडे पाहायला कुणी उरलं नाही, म्हणून तिने नोकरी सोडली. म्हणजे तुमच्या एका वाक्याने वेलचेरीच्या त्या घरातली दोन माणसं जागची हलली. मी जन्मभर मास्तरकी केली, पण माझ्या कुठल्याही वाक्याने वर्गातला पोर बाकावरून उठला नाही.

ते वाक्य असं, विश्वजितने मला सांगितलं तसं लिहितो. घरात एकच भाषा हवी आणि ती शाळेची हवी. आमच्या घरी नवरा-बायको आपसात तमिळ बोलत, ऑफिसशी इंग्रजी, आणि मी अक्षतशी मराठी. तीन भाषांच्या गर्दीमुळे मुलगा बोलत नाही, असं तुमचं निदान. त्या दोघांनी तमिळ सोडून इंग्रजी धरली. राहिलो मी. विश्वजित खाली बघून म्हणाला, "अप्पा, थोडे महिने मात्रं." मग मी माझ्या भाचीकडे, कृष्णवेणीकडे, येऊन राहिलो. ती बरी आहे. भात जरा जास्त शिजवते.

आम्ही तंजावरचे मराठी. पूर्वज इकडे येऊन पिढ्या झाल्या, आमच्या बोलण्यात आता निम्मं तमिळ आहे. देवनागरी मला बापाने शिकवली. विश्वजितला ती वाचता येत नाही, म्हणून त्याच्याविषयी मला तुम्हांस मोकळेपणाने लिहिता येतं. तोच हसून म्हणाला होता, की टीचर तुमच्याच भाषेची आहे अप्पा, महाराष्ट्रातली. मराठीपायी मला घराबाहेर पडावं लागलं आणि बाहेर काढणारी बाई मराठीच निघाली. मला हसू आलं. तुम्हांसही येईल.

एकच विचारायचं आहे. मी परत कधी यावं?

जनकोजी राव


अण्णा नगर, चेन्नई
५ जुलै २००७

ती. जनकोजीराव यांना,
स. न.

पाकिटाच्या मागचं देवनागरी नाव पाहून ऑफिसातल्या मुलीने पत्र माझ्या टेबलावर आणून ठेवलं. केंद्रात उत्तरेकडचं म्हणून जे काही येतं ते माझ्याकडेच येतं.

तुम्ही रागावला आहात, ते मी समजू शकते. पण मी तुम्हांला घर सोडायला सांगितलं नव्हतं. इंग्रजीत बोला, एवढंच म्हटलं होतं. अक्षतला ऑटिझम आहे. आपल्याला ऐकू येतं ते त्यालाही ऐकू येतं, पण त्यातलं काय घ्यायचं आणि काय सोडायचं हे त्याला निवडता येत नाही. एक भाषा उलगडायलाच अशा मुलांना फार कष्ट पडतात. मी वाचा-उपचार शिकले तेव्हा आम्हाला हेच शिकवलं होतं, आणि आमच्या केंद्राच्या संचालक हेमावती मॅडमचाही हा पहिला नियम आहे. त्या परदेशात शिकून आल्या आहेत, आणि त्यांच्या हाताखालून गेलेली कितीतरी मुलं आज शाळेत जातात.

सहा महिन्यांनी आढावा घेतात. तोवर धीर धरावा ही विनंती. मी मूळची साताऱ्याची. माझे पती मंदार श्रीपेरुंबुदूरला मोटारींच्या कारखान्यात आहेत, म्हणून आम्ही इथे. अक्षत माझ्याकडे रोज येतो. मी त्याच्यासाठी जीव तोडून काम करीन, हा माझा शब्द.

आपली,
स्वरदा


तंजावर
२८ जुलै २००७

सौ. स्वरदाबाईंस,
अनेक आशीर्वाद.

"इंग्रजीत बोला, एवढंच." हे एवढंच मी करून पाहिलं होतं. तुमचा हुकूम आला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याला म्हटलं, कम अक्षत, ड्रिंक मिल्क. इंग्रजी मला येतं. गणिताची पुस्तकं मी इंग्रजीतूनच वाचली. पण आजोबांचं धोतर नेसून कुणी परका माणूस घरात शिरावा, तसं त्या मुलाने माझ्याकडे पाहिलं. तो कुणाकडे बघत नाही म्हणता, त्या दिवशी बघितलं. मग पलंगाखाली जाऊन बसला तो दुपारपर्यंत बाहेर आला नाही. परका होऊन जवळ राहण्यापेक्षा आजोबा राहून लांब गेलेलं बरं, असं मला वाटलं. माझं चुकलंही असेल.

तसं आमच्यात बोलणं असं फार नव्हतंच. आई-बाप कामाला गेले की घरात आम्ही दोघं. मी बाल्कनीत खुर्ची टाकून त्याला मांडीवर घ्यायचो आणि पाढे म्हणायचो. हायस्कुलात मी गणित तमिळमधून शिकवलं, पण मनातला गुणाकार मराठीतच झाला, कारण बापाने पाढे मराठीतून पाठ करून घेतले होते, छडीसकट. अक्षतला एकोणीसचा आवडतो. माझा आवाज घोगरा, खर्जातला. एकोणीस पाचे पंचाण्णव आलं की तो हसायचा. रोज, तिथेच. ज्याच्या डोक्यात भाषांचा गोंधळ आहे तो नेमका पंचाण्णवला कसा हसतो, हे तुमच्या मॅडमना विचारून कळवावं.

विश्वजित रविवारी फोन करतो. अक्षतच्या कानाला फोन लावत नाही, तुमचा नियम मोडेल म्हणून. मीही लाव म्हणत नाही. मुलगा आज्ञाधारक निघाला याचं दुःख करणारा मी जगातला पहिला बाप असेन.

जनकोजी राव


अण्णा नगर, चेन्नई
२२ ऑक्टोबर २००७

ती. आजोबांना,
सा. न.

आजोबा म्हटलेलं चालेल ना? तुमचं पत्र मी बसमध्ये वाचते. मंदार रात्री थकून येतो, तेव्हा दिवसभरात मराठी म्हणून माझ्या वाट्याला जे येतं ते तुमचंच. उत्तराला इतके दिवस लागले, त्याबद्दल रागवा, पण थोडंच.

परवा आयुधपूजेला केंद्रातल्या झोपाळ्यांना, ठोकळ्यांना, अगदी अक्षतच्या खुर्चीलाही कुंकू लावलं. खुर्चीचं सांगते कारण आता तो तिच्यावर बसतो. जूनमध्ये बसतच नव्हता. पाणी हवं असलं की "वॉ" म्हणतो. अजून "वॉटर" होत नाही, पण ओठ बरोबर गोल करतो. पहिल्यांदा म्हणाला तेव्हा मी आणि रम्या दोघी रडलो.

तुमचा पंचाण्णवचा प्रश्न मॅडमना विचारला. त्या म्हणाल्या, तो आवाजाच्या लयीला हसत असेल, त्याच्या लेखी तो शब्द नव्हेच. मला ते पटलं. तुम्हाला पटणार नाही, ते माहीत आहे.

आता तुमच्या येण्याचं. वेलचेरीतल्या एका शाळेने त्याला बघायला बोलावलं होतं. त्याच्या एका सवयीमुळे त्यांनी परत पाठवलं. ती गेली तर पुढच्या जूनला घेऊ, असं तिथल्या मुख्याध्यापिका म्हणाल्या. मी मॅडमपाशी तुमचा विषय काढला. ती सवय जाऊन शाळेत प्रवेश झाला की आजोबांना बोलवायला हरकत नाही, असं त्यांनी कबूल केलं आहे. तेव्हा आता तुमचं येणं माझ्याच हातात आहे असं समजा. मी मागे हटणारी नाही.

तुमची,
स्वरदा


तंजावर
१४ नोव्हेंबर २००७

चि. स्वरदा हिस,
अनेक आशीर्वाद.

आजोबा म्हणालीस, म्हणजे आता तुला अगं-तुगं करायला मी मोकळा. साताऱ्याची म्हणजे तिखट खाणारी असशील. इकडची आमटी तुला पाण्यासारखी लागत असेल, तिच्यात कृष्णवेणीने पाठवलेली सुक्या मिरचीची चटणी घाल. डबा विश्वजितच्या हाती पाठवला आहे. तो दिवाळीला एकटा येऊन गेला. अक्षतला फटाक्यांचा त्रास होतो म्हणून आणलं नाही म्हणाला, आणि ते खरं असावं असं मी धरून चालतो.

"वॉ" ऐकून बरं वाटलं. खोटं कशाला लिहू, मला हेवाही वाटला. पण शिकवणारा शिकवतो आणि पोर शिकतं, ही गोष्ट मला जन्मभर आवडत आली आहे, तेव्हा तुझ्या कष्टांना मी नावं ठेवणार नाही.

ती सवय कोणती ते तू लिहिलं नाहीस. मी त्याला अगदी लहान असल्यापासून सांभाळला आहे. तो काय करतो आणि कशासाठी करतो हे थोडंफार मला कळतं. नखं खातो का? कपडे काढतो का? विश्वजितला विचारलं तर म्हणाला, अप्पा, ते टीचर बघतात. तू लिही. काही उपाय सुचला तर सांगेन.

इथे मला हवं तितकं मराठी बोलता येतं. बंदी नाही. ऐकणारं कुणी नाही इतकंच. संध्याकाळी ओट्यावर बसून पाढे म्हणू लागलो की कृष्णवेणी आत मिक्सर लावते.

तुझा,
जनकोजी आजोबा


अण्णा नगर, चेन्नई
११ मार्च २००८

ती. आजोबांना,
सा. न.

नोव्हेंबरच्या तुमच्या प्रश्नाला उत्तर दिलं नाही, पोंगलच्या कार्डालाही नाही. मुलांच्या अडचणी फक्त आई-वडिलांशी बोलायच्या, असा आमच्याकडे नियम आहे. उत्तर देता येईना म्हणून पत्रच राहिलं. आज मात्र घरी पोचल्या पोचल्या लिहायला बसले आहे. अक्षतला शाळेत प्रवेश मिळाला. जूनपासून तो जाईल. मॅडम म्हणाल्या, आजोबांना मे महिन्यात येऊ द्या.

आता ती सवय गेलीच, तेव्हा सांगायला हरकत नाही. तो लोकांच्या गळ्याला हात लावायचा. जवळ यायचा, तळवा गळ्याच्या मधोमध ठेवायचा आणि तिथेच बघत उभा राहायचा. गेल्या वर्षी जूनच्या शेवटी सुरू झालं. आधी वॉचमन कृष्णस्वामींच्या गळ्याला, ते वयस्कर आहेत. ते त्याच्याशी तमिळमध्ये काहीबाही बोलत बसायचे आणि त्यामुळे सवय बळावत होती, म्हणून त्यांना समज द्यावी लागली. मग आम्हा सगळ्यांच्या. शाळेत तर त्याने मुख्याध्यापिकाबाईंच्याच गळ्यावर हात ठेवला. त्या किंचाळून मागे सरकल्या, आणि मुलाखत तिथेच संपली.

आमची पद्धत सोपी असते, पण सगळ्यांनी ती एकसारखी पाळावी लागते. त्याने हात लावला की आपण बोलत असू ते तिथेच थांबवायचं. तोंड फिरवायचं. त्याचा हात काढून त्याच्या मांडीवर ठेवायचा आणि "हँड्स डाउन" एवढंच म्हणायचं. हात मांडीवर राहिले की लगेच मुरुक्कूचा, इकडच्या चकलीचा, तुकडा. रम्या आणि विश्वजितनी घरीही तेच केलं. सुरुवातीला सवय वाढलीच. जाण्याआधी ती अशी उसळते, आम्हाला ते ठाऊक असतं. एकाच्या गळ्यावरून दुसऱ्याकडे पळायचा, आणि कुणीच बोलेना म्हटल्यावर फरशीवर डोकं आपटायचा. माझ्याकडे सगळ्यात जास्त यायचा, का कोण जाणे. बहुतेक मी जेवणाच्या सुट्टीत मंदारशी फोनवर बोलत असले की. मला फार जड गेलं आजोबा, पण मी एकदाही ढिली पडले नाही. मॅडमनी सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं. जानेवारी संपता संपता तो यायचा थांबला. आता अगदी शांत बसतो.

तुमचं तिकीट काढायला विश्वजितना सांगू ना?

तुमची,
स्वरदा


तंजावर
१७ मार्च २००८

सौ. स्वरदाबाईंस,

ती सवय नव्हती.

मी तुम्हांस पाढ्यांचं लिहिलं, तो मांडीवर बसायचा हे लिहिलं. त्याचा हात कुठे असायचा ते लिहिलं नाही. घराविषयी लिहिताना दाराला कडी आहे हे कुणी लिहीत नाही, तसंच ते राहून गेलं. त्याचा तळवा माझ्या गळ्यावर असायचा. माझा आवाज त्याला कानापेक्षा हाताने जास्त लागायचा. पंचाण्णव म्हणताना गळा फार थरथरतो, स्वतःच्या गळ्यावर हात ठेवून पाहा. पुढे पुढे पाढा हवा असला की तो आपणहून यायचा, तळवा ठेवायचा आणि वाट बघायचा. मी थांबलो की दाबायचा. बोल, एवढाच त्याचा अर्थ होता. त्याला जगात मागता येत होतं ते हे एकच. पाणी मागत नव्हता, खाऊ मागत नव्हता, बोलणं मागत होता.

मी गेलो आणि तो ते दारोदार मागत फिरला. बोलायला शिकवणाऱ्या तुमच्या केंद्रात येऊन प्रत्येकाला म्हणाला, बोल. आणि तुम्ही सगळ्यांनी ठरवून तोंडं मिटून घेतलीत. एक वॉचमन तेवढा बोलत होता, त्यालाही गप्प केलंत.

तुमच्याकडे जास्त का यायचा तेही सांगतो. तुम्ही नवऱ्याशी मराठी बोलत होता.

मला येण्याची परवानगी मिळाली, आभारी आहे.

जनकोजी राव


अण्णा नगर, चेन्नई
९ एप्रिल २००८

ती. आजोबांना,
सा. न.

तुम्ही मला पुन्हा बाई म्हणालात. पत्रात माझ्यासाठी एक आशीर्वादही नव्हता. मी ते पत्र कितीदा वाचलं हे सांगून काही उपयोग नाही.

रम्याला विचारलं. ती म्हणाली, हो, अप्पांच्या गळ्याशी त्याचा हात असायचा, पण तो लाडात येत असेल असं वाटलं. केंद्राने जेव्हा ती वाईट सवय ठरवली तेव्हा तिला आठवलं होतं, पण केंद्राला जास्त कळत असणार म्हणून बोलली नाही, असंही म्हणाली. मी मॅडमकडे गेले. त्यांनी तुमच्या पत्राचा मजकूर ऐकून घेतला. म्हणाल्या, असेलही तसं. पण अशा हाताला कुठल्या शाळेने घेतलं असतं?

आजोबा, ते खोटं नाही. उद्या तो बारा वर्षांचा होईल, वीस वर्षांचा होईल. बसमध्ये, रस्त्यात कुणा बाईच्या गळ्याला त्याने हात लावला तर लोक कारण विचारत थांबणार नाहीत. मारतील. मी त्याला त्यातून वाचवत होते. मी दुष्टपणाने काही केलं नाही. मला शिकवलं होतं ते मी नीट केलं. तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं, ते मला खरंच सांगा.

आणखी एक. फेब्रुवारीत बाहेरून एक डॉक्टर आल्या होत्या. घरात एकच भाषा हवी या म्हणण्याला काही आधार नाही, दोन-तीन भाषांच्या घरातली अशी मुलं मागे पडतात असं कुठे दिसलेलं नाही, असं त्यांनी सांगितलं. मॅडमनी जूनपासून तो नियम रद्द करायचं ठरवलं आहे. फलकावर सूचना लागेल. मार्चच्या पत्रात मी हे लिहिलं नाही. नियम रीतसर रद्द झाला की सांगू, असं मनात होतं. आनंदाच्या पत्रात ते नको वाटलं, हेही खरं आहे.

तुमच्या सांगण्याप्रमाणे गळ्यावर हात ठेवून पंचाण्णव म्हणून पाहिलं. थरथरतं.

तुम्ही या. तुमचा आवाज ऐकला की त्याचा हात परत येईल, मला खात्री वाटते. तुम्ही आल्यावर एखाद्या रविवारी मी वेलचेरीला येऊन तुमच्या पाया पडू का?

तुमची,
स्वरदा


वेलचेरी, चेन्नई
५ जून २००८

सौ. स्वरदाबाईंस,
आशीर्वाद. मागच्या पत्रात राहिला होता, तो राग होता. या वयात तो बरा नाही.

तुमच्या जागी असतो तर काय केलं असतं, असं विचारलंत. तुम्ही केलं तेच केलं असतं. मीही चाळीस पोरांच्या वर्गात हात गप्प ठेवायला लावणाराच मास्तर होतो. म्हणून तुम्हांस क्षमा करणं मला सोपं जायला हवं होतं. जात नाही.

मे महिन्याच्या शेवटी आलो. नियम रद्द होतो आहे म्हणून विश्वजितने स्टेशनवरच सांगितलं, आता कुठलीही भाषा चालेल अप्पा. पण ते दोघं घरात इंग्रजीच बोलतात. तमिळ सुरू केलं की अक्षत कान झाकून घेतो, म्हणतात. वर्षभर घरात न ऐकलेली भाषा त्याला आता गोंगाट वाटते. नवरा-बायको स्वयंपाकघरात दार लोटून तमिळमध्ये भांडतात, मग बाहेर येऊन त्याला गुड मॉर्निंग म्हणतात.

मला त्याने ओळखलं. आल्या आल्या माझ्या धोतराचा काठ दोन बोटांत धरून पाहिला आणि सोडून दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाल्कनीत खुर्ची टाकली. मांडीवर ये म्हटलं, आला नाही. समोर स्टुलावर बसला. पाठ ताठ, पाय जुळवलेले, दोन्ही हात मांडीवर. शाळेत घेतील असाच बसला होता. मी एकोणीसचा म्हणायला लागलो. इतक्या दिवसांनी त्याच्यासमोर म्हणत होतो, आवाज नीट लागेना. पंचाण्णवला तो हसला नाही. पण माझ्या गळ्याकडे बघायला लागला, आणि उजवा हात मांडीवरून उचलला गेला.

तो हात माझ्यापर्यंत पोचला नाही. त्याच्याच डाव्या हाताने तो मनगटात धरला, खाली नेला आणि मांडीवर दाबून ठेवला. आणि तो म्हणाला, "हँड्स डाउन."

त्याच्या तोंडून मी ऐकलेलं हे पहिलं बोलणं. उच्चार स्वच्छ होता. तुमचं अभिनंदन करायला हवं.

मी पाढा थांबवला नाही. थांबलो असतो तर मीही तुमच्यातलाच झालो असतो. म्हणता म्हणता त्याचा हात धरून माझ्या गळ्याशी आणला. तो ओरडला नाही, चावला नाही. हात लाकडासारखा कडक केला. मी सोडला तसा तो जिथून आला होता तिथे परत गेला. तेव्हापासून मी रोज सकाळी खुर्ची टाकतो. शाळा सुरू झाली की सकाळही मिळणार नाही. शिकवलेलं पुसायला शिकवण्याहून जास्त वेळ लागतो, हे मास्तर म्हणून मला माहीत आहे, आणि माझ्यापाशी तो किती आहे हे तुम्हीही ओळखू शकता.

तुम्ही रविवारी यायचं म्हणता. येऊ नका. तुम्हांस पाहिलं की तो हात आणखी घट्ट धरेल.

पाढ्याच्या त्या पहिल्या सकाळचं एक राहिलं. पाढा संपला तरी तो उठेना. माझ्याकडे तोंड करून बसून राहिला. मला वाटलं, पुन्हा म्हण म्हणतो आहे. म्हणून मी पुन्हा सुरू केलं, पण त्याचं लक्ष पाढ्याकडे नव्हतं. रम्या आतून म्हणाली, "अप्पा, हात खाली ठेविलाय की तो. मुरुक्कू द्या."

कृष्णवेणीने दिलेला मुरुक्कूचा डबा शेजारीच होता. मी एक तुकडा मोडून पुढे केला. त्याने तो हातात घेतला नाही. हात मांडीवरच ठेवले आणि तोंड उघडलं.

जनकोजी राव